पडद्यावरचे इस्पितळ आणि बाकावरची माणसे

इस्पितळाची आपली पहिली ओळख आजकाल बहुधा दूरचित्रवाणीच्या पडद्यावरच होते. घरातल्या कुणाला दाखल करण्याची वेळ येण्यापूर्वी आपण कितीतरी शस्त्रक्रिया पाहून बसलेलो असतो. दारावरचा लाल दिवा, दाराबाहेर हात जोडून उभी असलेली आई, मग दिवा विझणे, दार उघडणे, डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली ओढणे आणि 'आता धोका टळला आहे' किंवा 'आम्ही प्रयत्नांची शर्थ केली' या दोनांपैकी एक वाक्य बोलणे. हे सारे आपल्याला आरतीसारखे पाठ झाले आहे.

या दाराच्या आतल्या बाजूला मी पस्तीस वर्षे काढली. भूलतज्ज्ञ म्हणून, आधी सरकारी नोकरीत आणि नंतर पुण्यातल्या लहानमोठ्या खासगी रुग्णालयांत. निवृत्त झाल्यापासून मात्र मी दाराबाहेरच्या बाकावरच जास्त बसतो. याचे कारण कोथरूडकरांना वेगळे सांगायला नको. डहाणूकर कॉलनी घ्या, मयूर कॉलनी घ्या की आयडियल कॉलनी घ्या, इमारतीमागे चार-दोन घरे तरी अशी निघतात, की जिथे आता फक्त आजी-आजोबा उरले आहेत. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बंगळुरूला. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखू लागते, कुणी न्हाणीघरात घसरून पडते आणि 'डॉक्टर, जरा बरोबर येता का?' असा फोन येतो. मी जातो. तिथे माझे काम फार थोडे असते. फाइल वाचायची, आतले डॉक्टर काय म्हणाले ते साध्या मराठीत सांगायचे आणि सातासमुद्रापलीकडच्या मुलाला फोनवर धीर द्यायचा. पण या बाकावरून इस्पितळ फार निराळे दिसते, आणि मालिकांनी आपल्याला ते किती अर्धेमुर्धे दाखवले आहे हेही तिथेच ध्यानात येते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : मालिकांतल्या वैद्यकीय चुकांनी फारसे कुणाचे बिघडत नाही. बिघडते ते मालिकांनी जे गाळले आहे त्याने.

आधी चुकांचेच पाहू, कारण त्या मनोरंजक आहेत. मालिकांच्या शस्त्रक्रियागृहात माझ्या व्यवसायाला जागाच नसते. रोगी टेबलावर आडवा झाला, की शहाण्या बाळासारखा आपोआप झोपतो आणि शस्त्रक्रिया संपताच आईचे नाव घेत जागा होतो. भूल देणारा कोणी असतो, तो तीन-तीन तास रोग्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास, नाडी आणि रक्तदाब सांभाळतो, हे मालिकांच्या गावी नाही. शल्यविशारदाचा मुखपट्टा नाकाखाली, कारण नायकाचा चेहरा दिसला पाहिजे. नायिकेचे केस टोपीबाहेर. आणि सर्वांत लाडका प्रसंग म्हणजे यंत्रावरची रेषा सरळ होते, 'टूंऽऽ' असा आवाज येतो, डॉक्टर दोन इस्त्र्यांसारखी उपकरणे छातीवर टेकवून झटका देतात आणि रेषा पुन्हा नाचू लागते. खरी गोष्ट अशी, की सरळ रेषेवर विजेचा झटका देतच नाहीत. हृदय बेशिस्तपणे थरथरत असेल, तर ती थरथर थांबवून त्याला पुन्हा ताल धरता यावा म्हणून तो झटका असतो. रेषा सरळ झाली, की छाती दाबत राहायचे, औषध द्यायचे, कारण शोधायचे. हे काम घामाचे आहे, त्यात बरगड्याही मोडतात. पडद्यावर ते शोभत नाही, म्हणून तिथे वीज चमकते.

या चुका मी हसून सोडून देतो. पोलिसांच्या मालिका पाहून हवालदार हसत असतील आणि कोर्टाचे प्रसंग पाहून वकील. नाटक म्हटले, की एवढी सूट द्यावीच लागते.

आपल्याकडे इस्पितळाच्या मालिका काही नव्या नाहीत. विजया मेहता यांनी १९९१ साली दूरदर्शनसाठी 'लाइफलाइन' केली होती. रुग्णालय हेच मालिकेचे घर, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवी होती. मग खासगी वाहिन्या आल्या. २००२ साली 'संजीवनी' आली, २००७ मध्ये त्याच इस्पितळात घडणारी 'दिल मिल गए' आली आणि २०१९ मध्ये 'संजीवनी' पुन्हा नव्याने आली. यांतले इस्पितळ हळूहळू महाविद्यालयाच्या गच्चीसारखे होत गेले. रोगी हे निमित्त आणि प्रेमप्रकरण हे मुख्य दुखणे. मराठी कौटुंबिक मालिकांत तर इस्पितळ हे कथानकाचे वळण घेण्यापुरते येते. अपघात झाला पाहिजे, स्मृती गेली पाहिजे, खलनायिकेने सलाईनमध्ये काहीतरी टोचले पाहिजे. त्या खोलीत रात्रभर कोण बसले होते, पैसे कुठून आले, हे विचारायचे नसते.

पाश्चात्त्य देशांत या मालिकांचा हिशेब मांडण्याचे काम डॉक्टरांनीच केले. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या कार्यक्रमांचे ९७ भाग पाहून, बंद पडलेले हृदय सुरू करण्याचे ६० प्रसंग त्यात मोजले होते. त्यांतले ७५ टक्के रोगी त्या क्षणी वाचले आणि ६७ टक्के जणू चालत घरी गेले. प्रत्यक्षात काय होते? ज्यांचे हृदय सुसज्ज रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत बंद पडते, त्यांच्यातलेही साधारण पाचांत एखाद-दुसरेच घरी परततात. घरात किंवा रस्त्यावर असे घडले, तर हे प्रमाण आणखी पुष्कळ खाली जाते.

दुसरा हिशेब २०१८ सालचा. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या मालिकेतल्या २९० अपघातग्रस्तांची तुलना अमेरिकेतल्या ४,८१२ खऱ्या अपघातग्रस्तांशी करण्यात आली. गंमत अशी, की मालिकेत मृत्यू जास्त निघाले : २२ टक्के, प्रत्यक्षात ७ टक्के. म्हणजे मालिका माणसे वाचवतात तशी मारतातही सढळ हाताने. पण जे वाचतात ते मात्र पटकन उठतात. गंभीर जखमी होऊन वाचलेल्यांपैकी निम्मे मालिकेत आठवड्याच्या आत घरी गेले, प्रत्यक्षात असे २० टक्केच होते. पुढे दीर्घकाळ शुश्रूषेसाठी दुसऱ्या ठिकाणी हलवावे लागले असे रोगी मालिकेत ६ टक्के, प्रत्यक्षात २२ टक्के. पडद्यावर माणूस मरतो तरी किंवा बरा तरी होतो. मधली अवस्था, जी आपल्या घराघरांत वर्षानुवर्षे अंथरुणावर पडून असते, तिला तिथे प्रवेश नाही.

हे आकडे मी हौस म्हणून सांगत नाही. बाकावर बसल्यावर त्यांचा अर्थ कळतो. ऐंशी पार केलेल्या, मूत्रपिंडे निकामी झालेल्या, दोनदा पक्षाघात होऊन गेलेल्या गृहस्थांना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवायचे का, असे डॉक्टर जेव्हा विचारतात, तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांसमोर काय असते? तीच नाचू लागलेली रेषा. 'डॉक्टर, प्रयत्न तर केलेच पाहिजेत ना?' हा प्रश्न प्रेमातून येतो, पण त्यातला 'प्रयत्न' हा शब्द मालिकेतून आलेला असतो. त्या प्रयत्नानंतर घशात नळी, हातांना बांधलेल्या पट्ट्या, बोलता न येणे, पंधरा-वीस दिवसांनी तेच उत्तर, हे कुणी दाखवलेलेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच इच्छापत्र करून ठेवण्याची मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धतही सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होते. आमच्या भागात मालमत्तेचे मृत्युपत्र न केलेला ज्येष्ठ नागरिक विरळा. पण असे वैद्यकीय इच्छापत्र केलेले मला बोटांवर मोजण्याइतकेच भेटले आहेत. एखाद्या लोकप्रिय मालिकेतल्या आजोबांनी ते केले असते, त्यावरून त्यांच्या मुलामुलींत वाद झाला असता आणि शेवटी कुणीतरी त्या कागदाचा मान राखला असता, तर महाराष्ट्रातल्या हजारो घरांत जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला असता. मालिकेची ताकद एवढी मोठी आहे. दुःख आहे ते तिचा वापर न होण्याचे.

गाळलेल्यांत पहिला क्रमांक परिचारिकांचा. मालिकेत 'सिस्टर' म्हणजे हातात ट्रे घेऊन 'येस डॉक्टर' म्हणणारी पाठमोरी आकृती. खऱ्या इस्पितळात डॉक्टर दिवसातून दोनदा फेरी मारून जातात. उरलेले सारे तास सिस्टरचे, ब्रदरचे, मावशींचे आणि मामांचे असतात. कूस कोण बदलते, मलमूत्र कोण काढते, मध्यरात्री श्वासाचा आवाज बदलला हे प्रथम कुणाच्या लक्षात येते? महाराष्ट्रात याची एवढी मोठी उदाहरणे आहेत, की कल्पित कथा रचण्याची गरजच पडू नये. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली तिथेच अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. मे २०१५ मध्ये त्यांचा अंत होईपर्यंत, ४२ वर्षे, त्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, जपले. दयामरणाची याचिका २०११ साली फेटाळताना, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या सेवकवर्गाचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेने आपल्या कक्षातल्या वीस गरोदर स्त्रियांना आडोशाला नेऊन वाचवले आणि पुढे न्यायालयात उभे राहून कसाबला ओळखले. त्याच रात्रीवर २०२१ मध्ये 'मुंबई डायरीज' ही मालिका आली. सरकारी रुग्णालयाचा कोंदटपणा आणि तुटवडा तिने इतरांपेक्षा बराच जवळून दाखवला. तरी मध्यभागी उभा राहिला तो बंडखोर शल्यविशारदच.

या एकट्या महानायकाचे मला भय वाटते. तो कधी दमत नाही, त्याला कधी शंका येत नाही, तो कुणाला विचारत नाही. खरा निवासी डॉक्टर पंचवीस-सव्वीस वर्षांचा असतो आणि सलग चोवीस किंवा छत्तीस तास जागा असतो. सलग बारा तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, हे केंद्राच्या निवासी योजनेत १९९२ सालीच लिहून ठेवले आहे, पण ते कागदावरच आहे. मालिकेतल्या डॉक्टरांना काचेच्या भिंतींचे, कॉफीच्या यंत्राचे विश्रांतिकक्ष असतात. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ऑगस्ट २०२४ मध्ये जिच्यावर बलात्कार होऊन जिचा खून झाला, ती तरुण डॉक्टर रात्रपाळीत जरा पाठ टेकायला चर्चासत्राच्या खोलीत गेली होती. खासगी लहान रुग्णालयांत रात्री जागा असतो तो बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीची पदवी घेतलेला तरुण, मोठ्या डॉक्टरांना फोन लावत. वाचकांपैकी अनेकांना तो भेटला असेल. पडद्यावर तो अजून कुणाला भेटलेला नाही.

महानायकाची सवय लागली, की साधा डॉक्टर अपुरा वाटू लागतो. 'अजून निदान झाले नाही, चोवीस तास वाट पाहू' असे म्हणणारा डॉक्टर वास्तविक प्रामाणिक असतो, पण नातेवाइकांना तो टाळाटाळ करणारा वाटतो. आणि रोगी दगावला, की कुणाचा तरी दोष असलाच पाहिजे, कारण मालिकेत तो असतोच. डॉक्टरांना मारहाण होते ती केवळ मालिकांमुळे, असे मी म्हणणार नाही. अपुऱ्या खाटा, न परवडणारी बिले, नीट न बोलणारे डॉक्टर ही कारणे मोठी आहेत. पण महाराष्ट्राला २०१० साली यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तरीही मार्च २०१७ मध्ये राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी मारहाणीच्या निषेधार्थ सामुदायिक रजा घेतली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. वाट पाहणे हा उपचाराचाच भाग आहे, एवढे जरी आपल्याला कुणी आधी शिकवले असते, तरी बाकावरचा ताण पुष्कळ हलका झाला असता.

आणि पैसा! मालिकेत बिल येते ते नायकाने कुणाच्या नकळत भरण्यासाठी. खऱ्या बाकावर मात्र अनामत रकमेपासून सुरुवात होते. विम्याची मंजुरी यायला संध्याकाळ होते, औषधांची चिठ्ठी घेऊन दर दोन तासांनी खाली पळावे लागते, रात्री अकराला कुणाला फोन करावा याचा विचार चाललेला असतो. यातले किती ठाऊक असायला हवे! धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या, ही योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असे राज्याचे २०२१ चे नियम सांगतात. या सवलतींपर्यंत रोग्याला पोचवणारा एक माणूस मोठ्या रुग्णालयात असतो : वैद्यकीय समाजसेवक. वीस वर्षांच्या हिंदी-मराठी मालिकांत तो मला एकदाही ठळकपणे दिसलेला नाही.

कुणी म्हणेल, बाकावर बसून वाट पाहणारी माणसे दाखवली, तर मालिका पाहणार कोण? दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी दवाखान्याचे बिल दाखवायचे काय? आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर मराठीनेच देऊन ठेवले आहे. २००४ साली प्रदर्शित झालेला संदीप सावंत यांचा 'श्वास' आठवा. कोकणातून शहरात आलेले आजोबा, डोळ्यांचा कर्करोग झालेला नातू परशा, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार हे कटू सत्य. अरुण नलावडे यांचे आजोबा पुष्कळसा वेळ काय करतात? इस्पितळात बसतात, विचारतात, पुन्हा बसतात. त्यात डॉक्टर आहेत, तेही देव नाहीत, कामाने वैतागलेले आहेत. आणि त्यात अमृता सुभाष यांनी केलेली वैद्यकीय समाजसेविका आहे. मुलाला न सांगता शस्त्रक्रिया करायची नाही, हा त्या चित्रपटाचा पेच. एकही झटक्याचे यंत्र नाही, तरी प्रेक्षक हमसून रडले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारताच्या वतीने तो ऑस्करला गेला. अमेरिकेतही २०२५ साली 'द पिट' ही मालिका आली. पंधरा भागांत पंधरा तासांची एकच पाळी. तुडुंब भरलेले प्रतीक्षागृह, खाटेसाठी ताटकळणारे रोगी, चिडलेल्या माणसाचा ठोसा खाणारी परिचारिका, हे सारे त्यात आहे. डॉक्टरांनी तिला खरी म्हटले आणि सामान्य प्रेक्षकांनीही डोक्यावर घेतले. तेव्हा खरे दाखवले तर लोक पाहत नाहीत, ही सबब आता चालणार नाही.

पुण्याने तर ही सबब मुळीच सांगू नये. या शहराच्या रंगभूमीवर डॉक्टरांचे केवढे ऋण आहे! डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते आणि १९६९ साली व्यवसाय सोडून पूर्णवेळ नट झाले. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' उभे करणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, त्यातले नाना फडणवीस झालेले डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. तिघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे. लेखनातही कमतरता नाही. डॉ. अरुण लिमये यांच्या 'क्लोरोफॉर्म'ने या व्यवसायाचे बुरखे कधीच फाडले आहेत आणि डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नंबर पाच, केईएम'मध्ये सरकारी इस्पितळातले आयुष्य माणसांसकट उतरले आहे. लिहिणारे डॉक्टर आहेत, नट आहेत, चित्रपट शिकवणारी संस्था लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. आणि विषय तर ससूनच्या आवारात रोज सकाळी केसपेपरच्या रांगेत उभा असतो.

९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. पुढची दोन वर्षे खाट, प्राणवायू आणि श्वासयंत्र या शब्दांचे खरे अर्थ आपण सगळेच जबर किंमत मोजून शिकलो. तेव्हा कुठलाही महानायक दार उघडून आला नव्हता. आल्या होत्या त्या घामाने भिजलेल्या प्लॅस्टिकच्या पोशाखातल्या सिस्टर, नातेवाइकांना दिवसातून एकदा फोन करणारे निवासी डॉक्टर आणि खाटेचे कुलूप आपल्या हाती नाही हे शंभरदा सांगावे लागणारे काउंटरवरचे कारकून. त्यांची मालिका अजून कुणी लिहिलेली नाही. ती लिहिणाऱ्याने लाल दिवा खुशाल ठेवावा, प्रेमप्रकरणही ठेवावे. फक्त कॅमेरा अधूनमधून दाराकडे पाठ करून बाकाकडे वळवावा. तिथे जे बसले आहेत, ते तुमचे-आमचे शेजारी आहेत, आणि आज ना उद्या त्या बाकावर आपलीही पाळी आहे.